आधी मार्ग, मग वस्ती: चार शहरांच्या बसमार्गांची तुलना

वाढत्या शहरात वाहतूक तुंबू लागली की चर्चा लगेच साधनांवर येते. मेट्रो हवी की बस? उड्डाणपूल की भुयारी मार्ग? खरे तर त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: दाट वस्ती कुठे होऊ द्यायची, रस्ता आणि वाहतूक यांचा निर्णय कोणाच्या हाती ठेवायचा आणि थांब्यापर्यंत माणूस चालत कसा पोहोचणार. साधन कोणतेही असो, त्याचे यश या तीन उत्तरांवर ठरते.

हे तपासण्यासाठी एकच साधन वापरणारी चार शहरे शेजारी ठेवू. ब्राझीलमधील कुरितिबा, कोलंबियाची राजधानी बोगोटा, आपल्या शेजारचे अहमदाबाद आणि पुणे या चौघांनीही बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, हा पर्याय निवडला. निकाल मात्र वेगवेगळे लागले.

बीआरटी म्हणजे नेमके काय?

शहरातल्या बसचा वेळ मुख्यतः दोन ठिकाणी जातो: इतर वाहनांच्या गर्दीत आणि थांब्यावर. बीआरटीत दोन्हींवर उपाय असतो. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका असते. थांबा बंदिस्त असतो आणि तिकीट आत शिरतानाच काढले जाते. फलाट बसच्या मजल्याइतका उंच असल्याने पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, दारे रुंद असतात आणि उतारू झटपट चढतात-उतरतात. वृद्धांची, लहान मुले घेऊन निघालेल्यांची आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांची यात मोठी सोय होते.

मेट्रोच्या तुलनेत दर किलोमीटरचा खर्च कितीतरी कमी येतो आणि काम लवकर उरकते. पण मार्गिका, बंदिस्त थांबा, समपातळी फलाट आणि वारंवार येणारी बस ही सगळी अंगे एकत्र असली तरच ही व्यवस्था चालते. एखादे वगळले की उरते ती रस्त्यावर आखलेली एक पट्टी.

कुरितिबा: घरे कुठे बांधायची ते आधी ठरले

कुरितिबाने १९६० च्या दशकाच्या मध्यावर शहराचा बृहत् आराखडा केला आणि तो राबवण्यासाठी नियोजनाची स्वतंत्र संस्था उभारली. १९७१ मध्ये महापौर झालेले जैमी लर्नर हे स्वतः वास्तुविशारद. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती आणि महापौर नेमले जात. त्यामुळे निर्णय झपाट्याने झाले, हेही नोंदवायला हवे. पुढे लर्नर निवडणूक लढवूनही महापौर झाले.

शहर सगळ्या दिशांना पसरू न देता ते काही ठरावीक अक्षांवर वाढवायचे, असे आराखड्याने ठरवले. प्रत्येक अक्षावर मधल्या रस्त्यात बसची मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्थानिक रहदारीच्या संथ मार्गिका. एक गल्ली सोडून पलीकडे दोन समांतर एकेरी रस्ते, एक शहराकडे येणारा आणि दुसरा बाहेर जाणारा. उंच इमारतींना परवानगी या अक्षांलगतच. अक्षापासून दूर जावे तशी बांधकामाची मर्यादा कमी होत जाते.

पहिली राखीव मार्गिका १९७४ मध्ये सुरू झाली. नळकांड्याच्या आकाराचे, आधी तिकीट घ्यायचे थांबे १९९१ मध्ये आले आणि तीन भाग जोडलेल्या लांब बस १९९२ मध्ये. म्हणजे आज जी गोष्ट प्रतिकृती म्हणून दाखवली जाते, ती जवळजवळ वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने घडली.

मर्यादाही दिसतात. आराखडा शहराच्या हद्दीपुरता होता. कमी उत्पन्नाची कुटुंबे हद्दीबाहेरच्या नगरांत सरकली, तिथे ही शिस्त पोहोचली नाही. शहरात मोटारीही खूप वाढल्या. चांगल्या बसमुळे लोक मोटार घेणे थांबवतात असे नाही. पार्किंग आणि रस्त्याच्या वापरावर मर्यादा घालण्याचे काम वेगळे करावेच लागते.

बोगोटा: उत्पन्नाची पद्धत बदलली

बोगोटात २००० पूर्वी खासगी बसचालकांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असे. म्हणून बस एकमेकींना मागे टाकत धावत आणि प्रवासी दिसेल तिथे थांबत. शेअर रिक्षाने प्रवास करणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये, ट्रान्समिलेनिओ ही व्यवस्था सुरू झाली. मार्गिका आणि स्थानके सार्वजनिक पैशातून उभी राहिली, त्यासाठी पेट्रोलवरील कराचा काही भाग वापरला गेला. बस खासगी कंपन्यांच्याच राहिल्या, पण त्यांना पैसे धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मिळू लागले. वेळापत्रक सार्वजनिक कंपनीने ठरवायचे आणि तिकिटाचे पैसे वेगळ्या यंत्रणेने गोळा करायचे. प्रवासी पळवण्याचे कारणच संपले.

दुसरा महत्त्वाचा निर्णय स्थानकाच्या रचनेत होता. स्थानकाजवळ प्रत्येक दिशेला दोन मार्गिका ठेवल्याने जलद बस थांबलेल्या बसला ओलांडून जाऊ शकते. त्यामुळे गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला ४०,००० हून अधिक प्रवासी नेणे साधले. अनेक मेट्रो मार्गांवरही इतके प्रवासी नसतात.

यशाचे ओझेही याच व्यवस्थेवर पडले. नव्या मार्गिका ठरलेल्या गतीने झाल्या नाहीत आणि आहेत त्या मार्गांवर श्वास कोंडेल इतकी गर्दी झाली. डोंगरउतारावरील गरीब वस्त्यांसाठी २०१८ मध्ये रोपवे जोडला गेला आणि आता मेट्रोचा पहिला मार्गही बांधला जात आहे. चांगली व्यवस्था सुरू करून थांबता येत नाही, शहराबरोबर तीही वाढवावी लागते.

अहमदाबाद: रस्त्याला जागा कुठून आली?

अहमदाबादची ‘जनमार्ग’ सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी महापालिकेने वेगळी कंपनी स्थापन केली आणि आराखड्याला तिथल्या सेप्ट विद्यापीठातील तज्ज्ञांचा आधार होता. आधी अरुंद, गजबजलेल्या बाजाररस्त्यांना हात न लावता १३२ फुटी रिंगरोडसारखे रुंद रस्ते निवडले गेले. लोकांना पहिला अनुभव चांगला आला आणि पुढच्या टप्प्यांना विरोध कमी झाला.

असे रुंद रस्ते शहराकडे होते, यामागे नगररचना योजना आहेत, ज्यांना सगळे ‘टीपी स्कीम’ म्हणतात. या पद्धतीत जमीनमालकांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात. रस्ते, बागा, शाळा आणि सार्वजनिक सोयींसाठी काही हिस्सा काढून घेतला जातो आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत मालकांना परत मिळते. क्षेत्र घटते, पण रस्त्यालगतच्या भूखंडाचे मोल वाढते. भूसंपादनाचे वर्षानुवर्षांचे खटले टळतात.

महाराष्ट्राने हे नीट पाहायला हवे, कारण ही पद्धत दोघांचा समान वारसा आहे. तिचा कायदा मुंबई इलाख्याने १९१५ मध्ये केला, तेव्हा अहमदाबाद त्याच इलाख्यात होते. १९६० नंतर गुजरातने ही पद्धत सातत्याने वापरली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही तिची तरतूद आहे, पण आपला भर विकास आराखड्यातील आरक्षणे आणि भूसंपादन यांवर राहिला. आरक्षणाची रेघ कागदावर राहते आणि जमिनीवर इमारती उभ्या राहतात, हा अनुभव आपल्या बहुतेक शहरांना आहे.

अहमदाबादही कमी पडले, ते पादचाऱ्यांच्या बाबतीत. पदपथ आणि सायकलमार्ग पार्किंगने व अतिक्रमणाने गिळले. जनमार्ग आणि जुनी महापालिका बस बराच काळ समांतर चालत राहिल्या.

पुणे: सुरुवात पहिली, सातत्य अपुरे

बीआरटीचा देशातला पहिला प्रयोग पुण्याचा. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट मार्गाने सुरुवात झाली आणि पुढे तो हडपसरपर्यंत गेला. पण मार्ग सलग नव्हता. मोठ्या चौकांजवळ बस पुन्हा इतर वाहनांत मिसळे, मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी शिरत, रस्ता ओलांडून थांबा गाठणे जोखमीचे होते. लोकांच्या मनात बीआरटीविषयी जे प्रतिकूल मत झाले, ते या अपुऱ्या रूपाला पाहून झाले.

२०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने दुसरा प्रयत्न झाला, तो अधिक पूर्ण होता. बंदिस्त थांबे आणि समपातळी फलाट आले. संगमवाडी-विश्रांतवाडीबरोबरच पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर, औंध-रावेतसारख्या मार्गांवर, सेवा सुरू झाली. मात्र नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग पुढे उखडला गेला. एखाद्या मार्गाचे दोष दुरुस्त करण्याऐवजी मार्गच काढून टाकला की आधीचा खर्च वाया जातो आणि बसने जाणारा प्रवासी पुन्हा कोंडीत अडकतो.

हिंजवडीत क्रम आणखी उलटा झाला. आयटी पार्क १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेला, हजारो लोकांची रोजची ये-जा सुरू झाली आणि मेट्रोचे काम पुढच्या पिढीत हाती आले. रस्ते, उद्योगक्षेत्र, गावे आणि शेजारची महापालिका यांचे कारभारी वेगवेगळे असल्याने साध्या पावसाळी गटाराचा प्रश्नही अनेक कार्यालयांत विभागला जातो.

मेट्रो आली, आता काय?

पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. पहिल्या दोन मार्गांची लांबी सुमारे ३३ किलोमीटर आहे. मेट्रोलगत जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची परवानगी, देण्याचे धोरण म्हणजे कुरितिबाच्याच तत्त्वाचा स्वीकार. पण जादा मजल्यांबरोबर जादा पार्किंगही बांधले, तर तिथे राहायला आलेली कुटुंबे मोटारीनेच फिरतील आणि स्थानकाबाहेरचा रस्ता आणखी तुंबेल.

चार शहरांच्या अनुभवातून पुण्यासाठी, आणि नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरसारख्या वाढत्या शहरांसाठीही, कामांचा क्रम स्पष्ट दिसतो. हद्दीत नव्या आलेल्या गावांत इमारती उभ्या राहण्याआधी नगररचना योजना करून रस्त्यांची जागा ताब्यात घ्यावी. मेट्रो, बस आणि रिक्षाथांबे यांचे नियोजन एका यंत्रणेकडे द्यावे आणि तिकीट एक ठेवावे. स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरातले पदपथ सलग, सपाट आणि मोकळे करावेत. बसची संख्या वाढवावी, कारण मेट्रोपर्यंत बहुसंख्य लोकांना पोहोचवण्याचे काम तिलाच करायचे आहे.

यातले पहिले काम सर्वात निकडीचे आहे. बस नंतर विकत घेता येते, पदपथ नंतर दुरुस्त करता येतो. पण बांधून झालेल्या वस्तीतून रुंद रस्ता काढायचा तर लोकांची घरे पाडावी लागतात. म्हणून शहराच्या कडेला आज जी शेते बिगरशेती होत आहेत, तिथे बसचा मार्ग कुठून जाणार हे बांधकाम परवान्याच्या आधी ठरले पाहिजे, आणि नागरिकांनी महापालिकेला पहिला प्रश्न तोच विचारला पाहिजे.