मठ टिकतो कशावर? टेप्लाची गोष्ट

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, मारियान्स्के लाझ्नेपासून साधारण १५ किलोमीटरवर टेप्ला हे छोटं गाव आहे. गावाजवळचा प्रेमॉन्स्ट्राटेन्सियन या कॅथलिक पंथाचा मठ ह्रोझ्नाटा या सरदाराने ११९३ मध्ये स्थापन केला. धर्मयुद्धाला जाण्याची शपथ त्याला पाळता आली नाही, तिच्या बदल्यात मठ उभा राहिला. एवढी शतकं तो टिकला, याचं श्रेय सहसा राजाश्रयाला आणि जाड भिंतींना दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. तिथल्या साधूंनी भिंतींबाहेरची जी कामं अंगावर घेतली, त्यांचा वाटा मोठा आहे.

मारियान्स्के लाझ्ने हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा. तिथले खनिज झरे मठाच्या जमिनीत, दलदलीच्या रानटी दरीत होते. मठाचे वैद्य योसेफ नेर यांनी त्या पाण्याने रुग्णांवर उपचार केले. मठाधिपती कार्ल रायटेनबर्गर यांनी मठाचा पैसा ओतून तिथे वस्ती उभारली, व्हाक्लाव्ह स्काल्निक यांनी दलदलीच्या जागी बागा आखल्या. १८१८ मध्ये हे सार्वजनिक आरोग्यस्थळ म्हणून जाहीर झालं, पुढे जर्मन कवी गटेही तिथे येऊन राहिला. रायटेनबर्गर यांना मात्र वाढत्या विरोधामुळे १८२७ मध्ये पद सोडून टायरॉलला जावं लागलं. ज्याने मठाचं भविष्य घडवलं त्याच्या वाट्याला हे यावं, हा अन्यायच होता. दुसरं मोठं काम ग्रंथसंग्रहाचं. एक लाखाच्या आसपास ग्रंथ इथे जमले. त्यातलं एक हस्तलिखित नव्या कराराचं जर्मन भाषांतर आहे, साधारण १४०० च्या सुमाराचं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं जर्मन भाषांतर आलं त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १५२२ मध्ये.

यावर कुणी म्हणेल, मठ श्रीमंत होता म्हणून वाचला. पण प्लासी आणि झ्लाता कोरुना हे सिस्टर्सियन या दुसऱ्या कॅथलिक पंथाचे मठही संपन्न होते, तरी सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळात, १७८५ मध्ये, ते बंद झाले. नुसत्या संपत्तीने संरक्षण मिळत नाही, एवढं यातून नक्की दिसतं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: बाहेरची कामंच तारत असतील, तर १९५० मध्ये ती का उपयोगी पडली नाहीत? एप्रिलच्या एका रात्री कम्युनिस्ट राजवटीने देशभरातल्या पुरुष साधूंच्या मठांवर एकदम धाड घातली. टेप्लात पुढे १९७८ पर्यंत लष्कराची बराक होती. बंदुकीपुढे झरे आणि ग्रंथ चालले नाहीत, हे मान्यच करायला हवं. माझा मुद्दा तिथे थांबतो. पण भिंती तर त्या वर्षांतही उभ्याच होत्या, आणि लष्कर निघून गेलं तेव्हा मागे राहिलेली वास्तू मोडकळीला आलेली होती. जोवर माणसं आणि त्यांचं काम नव्हतं, तोवर त्या दगडांना मठ म्हणणं अवघड होतं.

पंथाला ही वास्तू १९९० मध्ये परत मिळाली. तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर अठरा वर्षांनी, २००८ मध्ये.