चाक आणि जमीन : गोण्या घातल्या, तरी टेम्पो रुतला

डिफरन्शियल लॉक या आठवड्यात उघडून दाखवायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण भुईगावच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न लॉकच्या आधी सुटायला हवा.

त्यांची केळीची आणि भाजीची वाडी आहे. पिकअप पहाटे भरून दादरला जातो, दुपारी रिकामा परत येतो. भरलेला असताना वाडीच्या वाटेवरून भर पावसातही विनातक्रार निघतो. रिकामा आला की त्याच वाटेवर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. शेजाऱ्यांनी सांगितलं, वाळूच्या चार गोण्या मागे टाका. टाकल्या, आणि गाडी सरळ आत आली. मग एके दिवशी वाडीत वळवायला जागा नव्हती, म्हणून तोच टेम्पो त्याच गोण्यांसकट खाजणाच्या कडेला नेला. तिथे तो मागच्या ॲक्सलचं हाउसिंग टेकेपर्यंत खाली बसला आणि शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढावा लागला. त्यांनी विचारलंय, ‘वाडीत चाललेल्या गोण्या खाजणात का चालल्या नाहीत?’

या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रश्न हाच. ‘मागे वजन टाका’ हा सल्ला हिमाचलच्या बर्फातही देतात आणि आपल्याकडच्या चिखलातही. तो निम्माच खरा आहे. उरलेला निम्मा भाग जमिनीवर अवलंबून असतो, आणि भुईगावात तर वाडीची रेताड माती, खाजणाचा करडा गाळ आणि समुद्राची पुळण, तिन्ही हाकेच्या अंतरावर आहेत.

मातीला घसरण्यापासून कोण अडवतं, याचं उत्तर कूलॉम या फ्रेंच माणसानं 1773 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. शाळेत विजेच्या प्रभारांच्या नियमात भेटतो तोच हा कूलॉम. पण तो मूळचा लष्करी इंजिनियर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची कित्येक वर्षं गेली, आणि भिंतीमागची माती भिंतीला किती रेटते हा त्याच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. त्यानं सांगितलं की मातीची ताकद दोन वाटांनी येते. एक मातीचा स्वतःचा चिकटपणा. तो किती जागेवर पसरला आहे यावर त्याचं बळ ठरतं. वरून किती वजन आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरं कणाकणांतलं घर्षण. ते मात्र वजनाबरोबर वाढतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रणगाड्यांच्या इंजिनियरांनी हेच सूत्र चाकाखाली आणलं. पुढे पोलंडमध्ये जन्मलेल्या बेकर यांनी त्याचं रीतसर शास्त्र केलं. 1971 साली चंद्रावर धावलेल्या गाडीच्या चाकांमागेही त्यांचं काम होतं.

आता वाडीच्या वाटेवर या. तिथे वर बोटभर राड असते आणि खाली वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेली जमीन. चाकाला त्या घट्ट थरापर्यंत पोचायचं असतं आणि तिथे घर्षणानं धरायचं असतं, म्हणून इथे वजन कामाला येतं. पिकअपचं इंजिन आणि केबिन पुढे, ओढणारी चाकं मागे. हौदा रिकामा असला की निम्म्याहून बराच जास्त भार न ओढणाऱ्या चाकांवर असतो. गोण्यांनी तो तोल सुधारतो. बर्फाच्या पातळ थरावर, खाली डांबर असताना, गोण्या उपयोगी पडतात त्या याच कारणानं. फक्त त्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जराशा पुढे ठेवा आणि करकचून बांधा. फाळक्याला टेकवून ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या वाटेवर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

खाजणाची गोष्ट वेगळी. तिथला गाळ अतिशय बारीक कणांचा आणि पाण्यानं गच्च भरलेला. वरून वजन आलं की आधी ते पाणीच ते झेलतं. बारीक गाळातून पाणी चटकन निघून जाऊ शकत नाही, त्यामुळे कण एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि घर्षण वाढत नाही. हातात उरतो तो नुसता चिकटपणा.

आकडे ढोबळच घेतो. मऊ, भिजलेल्या गाळाचा चिकटपणा चौरस सेंटिमीटरला 0.1 किलो धरा. असा गाळ साधारण त्याच्या पाचपट दाब पेलतो, म्हणजे 0.5 किलो. 60 किलोचा माणूस एका पावलावर उभा राहिला तर दाब पडतो 0.3 किलोच्या आसपास. म्हणून माणूस खाजणातून चालत जातो. माल नेण्यासाठी मागच्या टायरात 60 पीएसआय हवा भरलेली असेल, तर तो टायर जमिनीवर चौरस सेंटिमीटरला 4 किलोंहून जास्त दाब देतो. गाळाच्या ताकदीच्या आठपट! चाक खाली जाणारच, आणि हाउसिंग गाळावर टेकेपर्यंत जात राहणार. हाउसिंग टेकलं की भार त्यावर येतो, चाकं अधांतरी फिरतात. वरच्या चार गोण्यांनी हे काम लवकर उरकलं, एवढंच.

‘माणूस चालतोय, म्हणजे गाडी जाईल’ या हिशेबानं रुतलेल्या गाड्यांना गणती नाही. म्हणून माझी एक परीक्षा आहे. गाडीतून उतरा आणि संशयाच्या जागी एका पायाच्या टाचेवर सगळा भार द्या. टाच जेमतेम 30 चौरस सेंटिमीटरची, म्हणजे दाब 2 किलोंच्या घरात जातो. तो टायरच्या दाबाच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचतो. चिखल उडाला पण टाच कडक थराला लागली, तर जमीन वाडीच्या जातीची. गोण्या घाला आणि जा. टाच घोट्यापर्यंत आत गेली आणि पाय काढताना चिखलानं चप्पल ओढून घेतली, तर ती खाजणाची जात. गाडी तिथेच थांबवा.

शेतकऱ्याला हे सूत्र न मांडताही ठाऊक आहे. नांगरणीला ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, वरून लोखंडी वजनं लावतात, कारण कोरड्या, घट्ट रानात वजनानं पकड वाढते. तोच ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला उतरला की कोणी त्यावर वजन चढवत बसत नाही, केज व्हील लावतात. लोखंडी पट्ट्यांचं ते रुंद चाक जागा वाढवतं, आणि पट्ट्या चिखलात रुतून त्याचा मोठा पट्टा एकदम मागे रेटतात. कूलॉमच्या सूत्राचे दोन्ही अर्धे एकाच गोठ्यात उभे असतात आणि हंगामाप्रमाणे बदलतात.

टेम्पोला केज व्हील लावता येत नाही. त्याची जागा फळी घेते. मागच्या एका चाकावर 400 किलो भार धरा. चाकाखाली 30 सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब फळी दिली तर तोच भार 4,500 चौरस सेंटिमीटरवर पसरतो, दाब 0.1 किलोच्याही खाली येतो. गाळ तो सहज पेलतो. फळी जाड हवी. पातळ फळी चाकाखाली वाकते आणि भार मधल्या तेवढ्याच तुकड्यावर येतो. वाडीत फळी नसेल तर नारळाच्या झावळ्या चाकापुढे आडव्या घाला, म्हणजे त्यांचे दांडे पायऱ्यांसारखे आडवे येतात. सोडणंही चालतात. केळीचा खांब मात्र घालू नका. हाताशी तोच असतो म्हणून लोक तोच घालतात, पण दाबला की त्यातून पाणी सुटतं आणि चाक त्यावर आणखीच घसरतं.

पत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. टेम्पो परत येतो रिकामा, पण टायरात हवा असते पहाटेच्या भरलेल्या मालाची. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकावर 350 किलो धरले तर 60 पीएसआयला जमिनीला टेकतं फक्त 83 चौरस सेंटिमीटर रबर, जवळपास तळहाताएवढं. हवा निम्मी केली की जागा दुप्पट होते, आणि ती मुख्यतः लांबीत वाढते. भुसभुशीत वाडीत आणि वाळूत याचा फरक लगेच कळतो. खोल खाजणात कळत नाही, कारण निम्म्या हवेचा दाबही त्या गाळाला चौपट जड आहे. ट्यूबचा टायर असेल तर फार उतरवू नका. रिमवर टायर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. माल चढवण्याआधी आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

पुळणीबद्दल थोडक्यात. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळपास नसतो, त्यामुळे वजन उपयोगी पडायला हवं, पण वजनानं चाक आधी खाली जातं आणि समोर वाळूचा बांध तयार होतो. तिथे गाडी नेऊच नका. ओहोटीला रुतलेल्या गाडीला भरती यायच्या आत बाहेर पडायला साडेसहा तासही मिळत नाहीत.

तेव्हा भुईगावच्या वाचकांना माझं सांगणं : गोण्या ठेवा, पण वाडीच्या वाटेपुरत्या. खाजणाकडे वळायची वेळ आलीच, तर त्या आधी उतरवा आणि हौद्यात दोन जाड फळ्या कायमच्या असू द्या. रुतल्यावर फळी चाकाच्या तोंडाशी उकरून नीट बसवा, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून निघा, आणि चाक फिरायला लागलं की तत्क्षणी पाय काढा. फिरणारं चाक फळी गोळीसारखी मागे फेकतं, म्हणून ढकलणाऱ्या माणसांना गाडीच्या मागे उभं करू नका. बाजूनं, हौद्याच्या कडेला हात लावू द्या.