प्रत दोघांकडे असावी

गोंदियाच्या विडी कामगारांत आमची उमर गेली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे नाव वहीत नसेल, तर तिचे श्रम कोणी मानीत नाही, हे आम्ही पदोपदी पाहिले. म्हणूनच शास्त्रज्ञ डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची नोंद कशी करतात, हे जाणून घ्यावेसे वाटले.

आपल्याच विदर्भात लोणारचे सरोवर आहे. त्याचे खारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो प्रताप ठरला. मीठ जंतूंमधील पाणी ओढून घेते, म्हणून आपले लोणचे टिकते. हे जीव मात्र पोटॅशियमचा क्षार पेशीतच साठवून बाहेरच्या मिठाला तोंड देतात.

पण रंगावरून जात ठरत नाही. जीव वेगळा काढून वाढवावा लागतो. त्याची जनुके ज्ञात जातींशी ताडावी लागतात. आणि जिवंत नमुना निदान दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. मगच नव्या नावाला मान्यता मिळते. लोणारच्या एका जीवाणूचे 'इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस' हे नाव २०१० साली असेच रुजू झाले.

दोन संग्रह कशासाठी? शोधणाऱ्याचा नुसता शब्द प्रमाण धरायचा नाही. दुसऱ्यालाही नमुना मागवून पडताळता यावा. वही ठेकेदाराच्याच पेटीत राहिली की काय होते, हे विडी कामगाराला कोणी शिकवायला नको.