पत्ता बदललेली पाने

एखादे बिऱ्हाड हलले की जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे टपालखाते नव्या पत्त्याकडे वळवते. महाजालावरील पानांचे बिऱ्हाडही असेच हलत असते. मात्र तेथे पत्र पुढे नेऊन देणारा कोणी नसतो. जुन्या जागेचा सर्व्हर केवळ एक तीन अंकी संकेतांक आणि नवा पत्ता कळवतो. पुढचा प्रवास ब्राउझरलाच करावा लागतो. वाचकाला याची चाहूलही लागत नाही.

३०१ हा संकेतांक कायमच्या स्थलांतराचा, तर ३०२ तात्पुरत्या. हा भेद वाटतो तितका क्षुल्लक नव्हे. ३०१ मिळाल्यावर ब्राउझर नवा पत्ता साठवून ठेवू शकतो आणि पुढच्या खेपेस जुन्या दारी न जाता थेट तेथेच जातो. त्यामुळे चुकीचा पत्ता एकदा ३०१ सह दिला गेला, तर सर्व्हरवर दुरुस्ती झाल्यानंतरही काही वाचक चुकीच्याच जागी पोहोचत राहतात.

३०२ चा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ब्राउझर सर्व्हरकडे मुख्यतः दोन प्रकारे मागणी करतो : 'गेट' म्हणजे पान मागणे आणि 'पोस्ट' म्हणजे भरलेला अर्ज धाडणे. पोस्टला उत्तर म्हणून ३०२ आला तर नव्या पत्त्यावरही अर्जच धाडावा, अशी अपेक्षा होती. परंतु काही ब्राउझर अर्ज गाळून नुसते पान मागत. एचटीटीपी १.० च्या १९९६ च्या विवरणातच ही चूक नोंदलेली आहे. ती सुधारली नाहीच. उलट इतकी रुळली की अखेर नियमांनाच नमते घ्यावे लागले. १९९७ मध्ये ३०३ आला : अर्ज पोहोचला, आता अन्यत्र जाऊन केवळ पान मागा. पैसे भरल्यावर पावतीचे पान अशा रीतीने दाखवले, तर ते पुन्हा उघडताना पावतीच येते, पैसे भरण्याची मागणी पुन्हा जात नाही. मागणीचा प्रकार मुळीच बदलू नये असे बजावणारा ३०७ हा १९९९ मधला. त्याचा कायमस्वरूपी जोडीदार ३०८ यायला मात्र २०१४ साल उजाडले.

पानाच्या मजकुरातच, अमुक सेकंदांनी दुसरीकडे जावे, अशी सूचना लिहून ठेवण्याचीही रीत आहे. ती सोपी खरी, पण सावकाश वाचणाऱ्याच्या हातून पान अर्ध्यावरच हिरावले जाते.

कधी पहिला पत्ता दुसऱ्याकडे आणि दुसरा पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवतो. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर अशा वेळी वीस हेलपाटे घालतात आणि मग शोध सोडून वाचकाला तसे कळवतात.