वाढती वसई आणि बावखलांचे पाणी

महानगराच्या शेजारी वसलेल्या ऐतिहासिक गावाची वाढ अटळ असते. महानगरात जागा अपुरी पडते, रेल्वे हाताशी असते आणि सामान्य नोकरदाराला परवडेल असे घर त्या गावी मिळते. मुंबईच्या उत्तरेस असलेली वसई हे याचे ठळक उदाहरण होय. मात्र अशा वाढीबरोबर एक प्रश्न उभा राहतो. नव्या रहिवाशांना घर मिळाले, तरी त्यांना आणि जुन्या रहिवाशांना पाणी कोठून मिळणार?

प्राचीन बंदर ते महानगरपालिका

वसई तालुक्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेषही येथे मिळाले. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पुढे इंग्रजी अमदानीत लोहमार्ग आला. 1936 साली विरारपर्यंत विजेवरील गाडी धावू लागली आणि मुंबईत नोकरी करून वसईत राहणे सोयीचे झाले. चर्चगेटपासून वसई रोड स्थानक सुमारे 52 किलोमीटरवर आहे.

वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांच्या समावेशास विरोधही झाला आणि 29 गावे वगळण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक भरली.

वाडी व बावखल

लोहमार्गाच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात केळी, नागवेल, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. वसईची सुकेळी प्रसिद्ध आहेत. समुद्र इतका जवळ असताना ही बागायत टिकली, याचे श्रेय बावखलांना आहे. बावखल म्हणजे वाडीतील गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना पाझर देते. पूर्वी रहाटाने पाणी उपसले जाई. उपसा बेताचा असल्याने त्याची भरपाई पावसाळ्यात होत असे.

किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे 40 फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. अर्थात ही पातळी एक फुटाने घटली, तर खारे पाणी सुमारे 40 फूट वर सरकू शकते. पंपाने अमर्याद उपसा करणे व बावखले बुजवून त्यांवर इमारती उभारणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच घातक ठरतात. एकदा खारावलेली विहीर एखाद्या पावसाळ्याने गोडी होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जी चळवळ चालविली, तिच्या मुळाशी हीच चिंता होती.

पुराचा धडा

पाण्याची दुसरी बाजू पुराची आहे. तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी सखल भूमीतून खाडीकडे जाते. नाले अरुंद झाले व पाणथळ जमिनींवर भराव पडला, तर भरतीच्या वेळी या पाण्याला वाट उरत नाही. जुलै 2018 मधील अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, रेल्वे वाहतूक ठप्प झाली आणि मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. जे तळे उन्हाळ्यात विहीर जिवंत ठेवते, तेच पावसाळ्यात पुराचे पाणी काही काळ धरून ठेवते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कर्तव्याची दिशा

शहराची तहान आता दूरच्या धरणांवर भागवली जाते. सूर्या प्रादेशिक योजनेची आखणी दररोज 40.3 कोटी लिटर पाण्याची असून त्यापैकी 18.5 कोटी लिटर वसई-विरारसाठी आहे. ही सोय आवश्यकच आहे. परंतु नळ आला म्हणून बावखल निरुपयोगी ठरत नाही.

महानगरांच्या सीमेवरील प्रत्येक ग्रामपंचायतीने यातून बोध घ्यावा. आपल्या हद्दीतील तळी, विहिरी व नैसर्गिक नाले यांची नोंद आजच करून ठेवावी. बांधकामाचा प्रस्ताव समोर येताच पाण्याची वाट अडत नाही ना, हे जागेवर जाऊन पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजून घ्यावी. काही वर्षांत हीच नोंद गावाला मोलाची ठरेल. गावाचे शहर होणे थांबवता येत नाही. ते होताना गावाचे पाणी राखणे मात्र आपल्या हाती आहे.