केमोआधीच मळमळ का?
केमोथेरपीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या, की काही रुग्णांना सलाईन लावण्याआधीच, रुग्णालयाच्या नुसत्या वासाने मळमळते. 'मनाचे खेळ आहेत,' असे घरचे म्हणतात. पण हा भित्रेपणा नव्हे. शरीर शिकलेले असते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह कुत्र्यांना खाणे देण्याआधी ठरावीक आवाज ऐकवत. पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्यांना लाळ सुटू लागली. केमोत अशीच सांगड वासाची आणि उलटीची बसते. चवीचेही तसेच. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात मुलांना केमोआधी नव्या चवीचे आइस्क्रीम दिले. नंतर अनेकांनी ते नाकारले. म्हणून केमोआधी आवडीचा पदार्थ टाळावा. पहिल्या फेरीपासूनच उलटी रोखणारी औषधे वेळेवर घ्यावीत. तरीही मळमळ झाल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. त्यावर उपचार आहेत.