उलट्या आणि सलाईन
घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उभं राहिलं की भोवळ येते. अशा वेळी सलाईन खरोखर लागतं. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत मीठ असतं साडेचार ग्रॅम, बाकी निर्जंतुक पाणी. ‘ताकदीसाठी’ ते मागून लावून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं! सततच्या उलट्यांनी पोटातलं आम्ल जातं, शरीरातलं पोटॅशियमही घटतं. गरजेनुसार तेही बाटलीत मिसळतात, पण अगदी सावकाश सोडतात; वेगानं गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल, तर जास्तीचं पाणी फुप्फुसांत साचू शकतं. उलट्यांचा जोर ओसरला की बहुतेकांना चमच्याचमच्यानं दिलेलं ओआरएस पुरतं.